सईच्या कानाचे दडे

गाझियाबाद, रविवार संध्याकाळ

काल लेकीला रॉक शोला नेलं. आत शिरताना फोमचे इअरप्लग दिले, तर सई म्हणाली, "बाबा, प्लीज यार," आणि ते खिशात टाकून थेट स्पीकरसमोर जाऊन उभी राहिली. मी माझे घालून मागे थांबलो.

परतताना मेट्रोत म्हणाली, "कान एकदम बंद झालेत. आत शिट्टी वाजतेय."

"दडे बसलेत."

"दडे? ये क्या होता है?"

सतरा वर्षांची झाली, घरात मराठीच बोलतो, आणि हा शब्द माहीत नाही! मग घर येईपर्यंत मी तिला तो समजावत होतो. तिचे कान डॉक्टरांना दाखवायला हवेत का, हे घरी आल्यावर विचारलं ते तिच्या आईने. मला कसं सुचलं नाही?

आज दिवसभर घरात तेच. "आई, दडे आहेत अजून." मैत्रिणीला फोनवर, "अरे, दडे बैठ गए हैं." मी पेपरच्या आडून ऐकत होतो. बरं वाटत होतं, खोटं कशाला लिहू?

मघाशी आली. "बाबा, दडे गेले. पुढच्या वेळी प्लग घालणार, बिल्कुल."

"अच्छा," म्हणालो.

आता हा शब्द ती पुन्हा कशाला वापरेल, हे आधी मनात आलं. कान मोकळे झाले, हे नंतर.