पाठमोरे अकरा सेकंद

२ मार्च, सकाळी १०
नवी वही. आजपासून रोज लिहिणार. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे. पुढेमागे कोणाच्या हातात पडलीच तर त्याला त्रास नको.

कारणही तसंच आहे. सात महिने मॅडमच्या गाण्यांच्या या टूरवर इस्त्री करतो आहे. मॅडमचे छत्तीस ड्रेस, चोवीस डान्सर. दर तीन दिवसांनी नवं शहर, नवा हॉल, वीस हजार नवी माणसं. इस्त्री तीच. काल चौदाव्या गाण्यातल्या पाठमोऱ्या मुलीचा पाय मुरगळला. स्टेजचा सगळा कारभार जिच्या हातात आहे, तिला आम्ही सेकंदबाई म्हणतो. तिने सगळ्यांना रांगेत उभं केलं, टेप लावली आणि मला निवडलं. मॅडमची उंची पाच फूट तीन. माझीही पाच फूट तीन. खांदेसुद्धा जुळले. मी विचारलं, आणखी काय जुळलं? तर म्हणे, आणखी काही लागत नाही, पाठच दिसणार आहे, आणि हे तात्पुरतं आहे. कौतुक करताना काही लोकांची जीभ जड होते. असो.

३ मार्च, दुपारी १
काल केलं. कामाचं स्वरूप लिहून ठेवतो.

मॅडम रुपेरी झग्यात गातागाता धुरात शिरतात. धुरातून तसाच झगा घालून, टोपी पुढे ओढून मी बाहेर पडतो आणि प्रेक्षकांकडे पाठ करून मागच्या पायऱ्यांकडे चालत जातो. अकरा सेकंद. तेवढ्यात मॅडम झगा टाकून स्टेजखाली उतरतात, ढकलगाडीवर आडव्या होतात, माणसं गाडी पळवतात आणि अकराव्या सेकंदाला मॅडम हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, गर्दीच्या मधोमध, लाल ड्रेसमध्ये वर येतात.

थोडक्यात, अकरा सेकंद शो माझ्या खांद्यावर असतो. काल बरोबर अकराव्या सेकंदाला असा आरडाओरडा झाला की कानाला दडे बसले. मॅडम तेव्हा तिकडे नुकत्याच वर येत होत्या. इतक्या लवकर त्यांच्याकडे कोणाचं लक्ष गेलं असेल असं वाटत नाही.

९ मार्च, सकाळी ७
संकल्प. एक, चहात साखर बंद. दोन, रोज अर्धा तास चालण्याचा सराव. तीन, मोबाइल कमी. चार, इस्त्रीकडे दुर्लक्ष होऊ द्यायचं नाही.

सराव हॉटेलच्या पॅसेजमध्ये केला. चादरी बदलणाऱ्या बाईंनी दोनदा विचारलं की काही हरवलंय का. कलेचं वातावरण नाही.

दिलेले उंच टाचांचे बूट नाकारले. पोटऱ्या धरतात. माझ्या तपकिरी चपला बऱ्या. झगा जमिनीपर्यंत येतो, कोणाला काय दिसणार आहे.

९ मार्च, दुपारी ४
चहा साखरेचाच घेतला. बिनसाखरेचा आणून दिला नाही, मी काय करू?

१५ मार्च
घरी फोन. करारात लिहिलं आहे की चौदाव्या गाण्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. हिला सांगितलं, कारण बायको म्हणजे बाहेर नव्हे. लेकीला सांगितलं, कारण ती शेजारीच उभी होती. लेक अकरा वर्षांची आहे. म्हणाली, खरंच बाबा? मी म्हणालो, मॅडमच्या जागी मी असतो.  ती म्हणाली, वर्गात सगळे म्हणतात तुझे बाबा कपडे धुतात. मी म्हणालो, त्यांना सांग, धूत नाहीत.

हिने विचारलं, जेवण वेळेवर होतं का. आणि तिकडेही लोकांच्या कॉलर सरळ करत फिरता का. ही सवय तिला लग्नापासून खटकते. सुरकुती दिसली की माझा हात आपोआप जातो, त्यात कला आहे हे तिला कळत नाही.

२८ मार्च, सकाळ
चालीत सुधारणा केली. सहाव्या पावलाला क्षणभर थांबतो, जणू मागे वळून बघणार. बघत नाही. प्रेक्षक खल्लास.

सेकंदबाईने बोलावून सांगितलं की अकरा म्हणजे अकरा, काल साडेबारा झाले, मॅडम तिकडे वर येऊन उभ्या आणि इकडे तुम्ही अजून रेंगाळताय, एका हॉलमध्ये दोन मॅडम. मी तिला शांतपणे समजावलं की दीड सेकंदात जे घडतं ते घड्याळात मावत नाही. ती बघत राहिली. पटलं असावं.

११ एप्रिल
तालमीमुळे इस्त्रीला वेळ कमी. सहा डान्सरांच्या पँटची घडी समोर येण्याऐवजी बाजूला आली. गहजब. मी म्हणालो, वेगळं दिसतंय. ते म्हणाले, तेच सांगतोय.

उद्यापासून पँट आधी, तालीम नंतर.

१२ एप्रिल
तालीम आधी झाली.

२० एप्रिल, सकाळी ९
आनंदाची बातमी. कोणीतरी माझी क्लिप टाकली आहे. पायरी चढताना झगा वर उचलला गेला आणि तपकिरी चपला दिसल्या. खाली लिहिलंय, हे काका कोण? चार लाख लोकांनी बघितलं. खाली हसरे चेहरे किती, मोजता येणार नाहीत. लोकांना एवढा आनंद द्यायला नशीब लागतं.

मॅडमच्या स्वतंत्र क्लिपला परवा तीन लाखच होते. हे मी कोणाजवळ बोललो नाही. सुतार आणि दोन ड्रायव्हर सोडून.

२२ एप्रिल
सकाळी मीटिंग. मला बोलावलं नव्हतं. म्हणजे विषय मीच असणार.

दुपारी सुतार टेप घेऊन आला. आमचा सुतार दिवसाला चार वाक्यं बोलतो. उंची घेतली, खांदे घेतले, पाठीचा बाक घेतला. कशासाठी विचारलं, तर म्हणाला, बनवायचंय एक. हिशेब सोपा आहे. सोळा मेला शेवटचा शो आहे, आणि तो आमच्याच शहरात. त्या दिवशी एका टूरमधल्या सर्वांत जास्त शोंचा विक्रम मोडणार. कोटवाला माणूस प्रमाणपत्र घेऊन येणार. अशा वेळी टूरच्या आठवणींचं प्रदर्शन मांडतात. त्यात माझा पुतळा. पोट जरा कमी दाखव एवढं सांगून ठेवलं. म्हणाला, पोट लागतच नाही.

५ मे, दुपारी
लेकीचा फोन. रडत होती. शाळेच्या उन्हाळी शिबिरात वर्गातल्यांना सांगितलं तिने. कोणाचा विश्वास नाही. दोघी मैत्रिणींनी तर तोंडावर खोटारडी म्हटलं. आता ती त्या दोघींना घेऊन सोळा तारखेला येणार आहे. हीसुद्धा येणार, चार पास मी आधीच काढून दिले होते. पण पाठीवरून ओळखायचं कसं?

सुचवलं मीच. सातव्या सेकंदाला मी डावा खांदा उडवीन. तिने मैत्रिणींना शोच्या आधी सांगून ठेवायचं. मग बघू कोण खोटं. ती म्हणाली, बाबा, नक्की ना? मी म्हणालो, बाप आहे तुझा. फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळे चुरचुरत होते. स्टीमरची वाफ.

१२ मे
पुतळा आला. त्याला चाकं आहेत.

अंगावर रुपेरी झगा, खाली रूळ, मोटर. धुरातून निघतो आणि पायऱ्यांपर्यंत जातो. अकरा सेकंद, वर एक क्षण नाही. सेकंदबाईने तीन वेळा मोजलं आणि तिसऱ्यांदा हसली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिली. मला म्हणाली, काका, तुमची सुटका झाली. शेवटच्या शोला तुम्ही खाली ढकलगाडीबरोबर. मॅडम वर जाताना लाल ड्रेसची झालर फटीत अडकते, ती शेवटपर्यंत धरून ठेवायला कपड्यातलं कळणारा माणूस हवा.

याचा सरळ अर्थ असा की माझी चाल आता कायमची जपून ठेवली आहे. माणूस थकतो. लाकूड थकत नाही.

जेवलो नाही. भूक नव्हती.

१३ मे
सुताराला गाठलं. अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. म्हणालो, तुझ्या ओंडक्याला सातवा सेकंद कळतो का? माझी पोरगी दोन मैत्रिणींना घेऊन बसणार आहे, खांदा उडाला नाही तर ती जन्माची खोटारडी ठरेल, हे तुझ्या मोटरला कळतं का? तो रंधा मारत राहिला. दगडाला पाझर फुटेल, याला नाही.

१४ मे
आज घरी कळवायचं. सकाळी ही कामात होती. दुपारी लेक शिबिरात. संध्याकाळी मी कामात.

१५ मे, दुपारी २
शहरात पोचलो. घर वीस मिनिटांवर. गेलो नाही, ट्रकमधून कपड्यांच्या पेट्या उतरवायच्या होत्या. लेकीला फोनवर सांगणारच होतो, पण तिने आधी विचारलं की सातवा सेकंद एकपासून मोजायचा की शून्यापासून. मी म्हणालो, एकपासून. एवढंच बोलणं झालं.

शो संपल्यावर सांगेन. आत्ता सांगून पोरीची झोप का उडवू.

सुतार आला. विचारलं, कुठला खांदा? मी म्हणालो, डावा, पण दुखत नाही हो. निदान चौकशी तरी केली.

१७ मे, सकाळी ११
सविस्तर लिहितो.

चौदावं गाणं. मी स्टेजखाली. मॅडम गाडीवर आडव्या, झालर माझ्या मुठीत. गाडी पळाली. मी वाकून पळत मनात मोजत होतो. पाच. सहा. साताला मी डोळे मिटले. पळताना डोळे मिटू नयेत, गुडघा खांबाला लागला. मग मॅडम वर गेल्या, मी झालर सोडली, वर छप्पर फाटेल असा आवाज. मी गाडीवर बसून राहिलो. लेकीला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं. विक्रम मोडला तेव्हा मी तिथेच बसलो होतो.

मागच्या दाराशी तिघी धावत आल्या. लेक येऊन गळ्यात पडली. म्हणाली, बाबा, बरोबर सातव्या सेकंदाला उडवलात. मैत्रिणींनी मान डोलावली. दोघींनी पाहिला, डावा खांदा. एकीने सही मागितली. केली.

खुलासा करणार होतो. पण लेक सगळ्यांना सांगत होती की बघा, हे माझे बाबा, आणि मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं.

रुळाचं काम ढिसाळ झालं असणार. सुताराला विचारलं पाहिजे.

१८ मे, दुपारी
सामान ट्रकमध्ये भरताना रूळ उचलायला मदत केली. डाव्या रुळावर, मध्याच्या थोडं पुढे, एक पाचर. बोटभर लांब. वरून काळा रंग मारलेला, कडा घासून गुळगुळीत, दोन स्क्रू. चाक त्यावरून गेलं की डावी बाजू उचलली जाणार. म्हणजे ढिसाळपणा नव्हे. कोणीतरी बसून, मोजून केलेलं काम आहे.

सुतार ट्रकमागे चहा पीत होता. जवळ गेलो.  त्याची कॉलर मुडपली होती, ती सरळ केली. तो म्हणाला, राहू दे. मी गेलो.

२० मे, संध्याकाळी ५
आज लेकीने शाळेच्या फाटकाशी चालून दाखवायला सांगितलं. शिबिरातला सगळा वर्ग जमला होता. पाठमोरा अकरा पावलं चाललो, साताला खांदा उडवला. गुडघा अजून सुजलेला आहे. एक मुलगा म्हणाला, स्टेजवर जास्त छान चालत होते. पास होता म्हणे त्याच्याकडेही. लेकीने त्याला सुनावलं, स्टेजवर लाइट असतात.

घरी आल्यावर पॅसेजमध्ये पुन्हा सराव करून पाहिला. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, चाकांशिवाय जमायचं नाही ते.

मी थांबलो. कधी कळलं विचारलं. म्हणाली, ते पाय न उचलता सरकत होतं, पोरी त्या टोकाला त्याचा खांदा बघत होत्या, मी या टोकाला बघत होते. बाई वर आली, खालून एक हात आला, झालर सोडली, आणि जाता जाता तिच्यावरची चुणी सरळ केली. वीस हजार लोकांत असा दुसरा माणूस नाही.

मला ते आठवतही नाही. हात आपोआप गेला असणार.

लेकीला सांगायचं का विचारलं. म्हणाली, खबरदार. मग भाजीची परडी बाजूला ठेवत म्हणाली, टाळ्या मी त्या हातासाठीच वाजवल्या.

उद्यापासून रोज सरावाची गरज नाही. लेकीचा युनिफॉर्म इस्त्रीला घेतला आहे. घडी समोर येईल याकडे लक्ष द्यायचं.