चिठ्ठ्या मी लावल्या नव्हत्या

नाशिक, मंगळवार, १२ ऑगस्ट २००३

आज कोर्टात खरं सांगून आले. पस्तावा अजिबात नाही.

पंचवटीतल्या खुनात पकडलेल्या दोघा भावांचं रक्त आमच्या दवाखान्यात मीच काढलं होतं. बाटल्या भरल्या आणि वॉर्डातून हाक आली म्हणून गेले. परत येईपर्यंत हवालदारानं नावांच्या चिठ्ठ्या लावून टाकल्या होत्या. मी न विचारता सही केली. का केली? घाई होती, दुसरं काही नाही. आता मयताच्या नखांतल्या रक्ताशी धाकट्याचा डीएनए जुळलाय.

सकाळी सरकारी वकील म्हणाले, "सिस्टर, चिठ्ठ्या मीच लावल्या, एवढंच म्हणा. डीएनए खोटं बोलत नाही."

"साहेब, डीएनए बाटलीतल्या रक्ताचं सांगतो. बाटली कुणाची, ते चिठ्ठी सांगते. ती मी लावलेली नाही."

साक्षीतही तेच सांगितलं. सही ही माझी चूक, हेही. बाहेर मेलेल्या मुलाची आई आडवी आली. "माझ्या लेकाला मारणारा तुमच्यामुळं सुटंल, बाई."  

पण न्यायाधीशांनी दोघांचं रक्त पुन्हा घ्यायला सांगितलंय. धाकटाच असेल तर पुन्हा जुळेल. थोरला निघाला, तर भलताच पोरगा फासावर जाता जाता वाचला.

दवाखान्यातले वरिष्ठ म्हणतात, पार आडबाजूला सुरगाण्याला बदली करतो. करू देत. समन्स सुरगाण्यालाही पोचतं. येईन आणि हेच सांगेन.