आधी हात दाखव

६ फेब्रुवारी

चि. खारू हिला आजीचे अनेक आशीर्वाद आणि एक चिमटा. वि. वि.

खारूताई दाणे पुरून ठेवते आणि कुठे पुरले ते विसरते, म्हणून लहानपणी तुझं नाव खारू ठेवलं. पण आजीलाही तशीच पुरून विसरशील असं वाटलं नव्हतं. अजून जमिनीच्या वरच आहे बरं मी. फोनचं नाव काढू नकोस. मला त्यात ऐकू येत नाही आणि तू ओरडलीस की साऱ्या नर्सांना आपल्या घरच्या गोष्टी कळतात.

पत्र नेहमीप्रमाणे शेजारचे शिंपीमास्तर लिहितायत, कापड बेतायच्या टेबलावर बसून. सांगितलंय तेवढंच लिहा, पदरचं ठिगळ लावू नका, अशी ताकीद दिली आहे. यावर ते हसले. हसले हेसुद्धा लिहा म्हटलं.

माझ्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. मार्चमध्ये, तुझ्याच थेटरात. तू आत सिस्टर म्हणून उभी असशील, तेव्हा मला भीती नाही. आयुष्यभर इस्पितळाच्या चादरी धुतल्या, आता त्यातल्याच एकीवर आडवं व्हायचं. तू शाळेतून आलीस की दारातच 'आधी हात दाखव' म्हणायची मी, आणि घासून लाल झाले असतील तरच ताटावर बसू द्यायची. ते वाया गेलं नाही म्हणायचं.

आता कामाचं. शिंपीमास्तरांच्या मास्तरीणबाईंचे पित्ताचे खडे जानेवारीत तुमच्याकडेच काढले. टाके काढून आल्या तेव्हा जखम कोरडी होती. आता कडेनं लाल झाली आहे, पाणी येतं आणि वासही. इथे मास्तरांचा पेन थांबला होता. मी म्हटलं, लिहा. बाई म्हणतात काही नाही, आणि ताप अंगावर घेऊन काजं करत बसतात. हे असंच असतं का? लगेच कळव.

विसरभोळ्या नातीवर लोभ असलेली,
तुझी आजी

१० फेब्रुवारी

ती. आजीस खारूचा शि. सा. न. वि. वि.

चिमटा पोचला. तुझं पत्र वाचल्या वाचल्या मास्तरकाकांना फोन केला. हे असं नसतं, आजी. काकूंना तिथल्या जवळच्या इस्पितळात आजच्या आज न्यायला सांगितलं. हे पत्र तुला मिळेल तोवर त्या तिथे असतील.

तू मार्चमध्ये येऊ नकोस. तारीख मीच पुढे ढकलून घेतली आहे. रागावू नकोस. काकू एकट्या नाहीत. एका ट्रकड्रायव्हरचा गुडघा पिकला, एका शिक्षिकेचं पोट पुन्हा उघडावं लागलं. आमचे सर्जन म्हणतात, कुणाला साखर आहे, कुणी अशक्त आहे, जखमा चिघळायच्याच. मला ते पटत नाही. सगळे पेशंट एकाच थिएटरमधून गेलेत.

म्हणून शोध चालू आहे. हत्यारं निर्जंतुक करायचं वाफेचं मशीन तपासलं, आत ठेवलेल्या पट्ट्यांचा रंग नीट बदलतो. हवेचे फिल्टर उघडले. भिंती, दिवे, टेबलाच्या खालची चाकंसुद्धा धुतली. सगळ्यांना अंगठ्या आणि घड्याळं काढायला लावली. भूलतज्ज्ञबाईंची लग्नातली अंगठी निघेना, तर साबण लावून मी ओढली. पाठीमागे मला सगळे 'ब्रश' म्हणतात. म्हणोत. मी स्वतः कोपरापर्यंत ब्रशने घासते, तू शिकवलंस तशी, लाल होईपर्यंत. हल्ली स्पिरिट लागलं की डोळ्यांत पाणी उभं राहतं, पण चालायचंच. आमच्याकडे माणसं कमी आहेत, कुणाला बसून चालत नाही.

काकूंचं कळव. तुझ्या रागासकट तुझी,
खारू

१९ फेब्रुवारी

चि. खारू हिला आशीर्वाद. वि. वि.

मास्तरीणबाई गेल्या. जखमेतलं विष रक्तात भिनलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. शेवटी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण बोटं पांघरुणावर काजं करत होती.

हे पत्रही मास्तरच लिहितायत. मी म्हटलं होतं, राहू द्या, मी दुसऱ्या कुणाला तरी धरते. त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेतला आणि बसले. शिलाईचं मशीन भिंतीपलीकडे पहाटेपासून चालू असतं. कुणाचे कपडे शिवतायत, देव जाणे. गिऱ्हाईक तर कुणी येत नाही.

तू भिंती धुतल्यास, दिवे धुतलेस, चाकं धुतलीस. बरं केलंस. मला एक आठवलं. मागच्या खेपेला घरी आलीस तेव्हा दोन्ही दिवस थंडी वाजते म्हणून हातमोजे घालून बसलीस, आणि चमच्याने जेवलीस. मी तुला साहेबीण म्हणून चिडवलं. तूही हसलीस, पण मोजे काही काढले नाहीस.

शाळेतून आल्यावर मी तुला दारात काय म्हणायची, ते आठव. तेच म्हणते आहे. पत्रातून दिसत नाही, तेव्हा शब्दांनी दाखव. मास्तर विचारतात, याचा अर्थ काय. म्हटलं, आमच्या घरचं आहे, तुम्ही लिहा.

वाट पाहते आहे.
आजी

२७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

हे पत्र तुला मास्तरकाका वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं. दोन दिवस तोच विचार केला आणि शेवटी पाकिटावर तुझाच पत्ता घातला. काका, मध्येच थांबू नका. शेवटपर्यंत वाचा.

आजी, माझे हात असे आहेत. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्यात. नखांच्या कडेची कातडी सुटून आली आहे, आणि उजव्या अंगठ्याजवळची भेग मूठ वळली की उघडते. हिवाळ्यापासून. घासून घासून झालं. ज्याची कातडी उघडी आहे त्याने आधी सांगायचं आणि थिएटरमध्ये पाऊल टाकायचं नाही, हा नियम आमच्या दारावर लावलेला आहे. अक्षर माझं आहे.

मी सांगितलं नाही. दोन-दोन ग्लोव्ह्ज चढवले आणि उभी राहिले. माणसं कमी होती हे खरं. पण त्याहून खरं हे, की ज्या ब्रशने साऱ्यांची नखं तपासली, त्याच ब्रशला बाजूला बसवतील ही लाज वाटली. ग्लोव्ह्जना डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. हे मीच नव्या मुलींना शिकवते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मेट्रनबाईंकडे गेले आणि टेबलावर हात ठेवले. त्यांनी नमुने घेतले. माझ्या चिरांमधून जे जंतू वाढले तेच ड्रायव्हरच्या गुडघ्यात निघाले आणि शिक्षिकेच्या पोटात. काकूंच्या जखमेचा नमुना तिथल्या इस्पितळाने पाठवला. तोही तोच. तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तुझ्याच हातून गेला असं छातीठोक सांगता येत नाही. मी त्या वाक्याआड लपणार नाही. काकूंच्या ऑपरेशनला सर्जनच्या हातात प्रत्येक हत्यार मीच दिलं होतं. भूल चढायच्या आधी काकू मला म्हणाल्या होत्या की तू आहेस, मग बरं.

सर्जन म्हणाले, रजा घे, हात बरे कर, बोभाटा कशाला. मी लेखी दिलं. चौकशी बसली आहे. ज्या घरांना कळायला हवं, त्या घरांना इस्पितळाकडून कळवलं जाईल. तुमच्या घरी मात्र आधी माझ्याकडून कळावं असं वाटलं, काका.

थिएटरमधले ब्रश आता फेकून दिलेत. हात हळुवार धुवायचे आणि रोज एकमेकांना दाखवायचे, असं ठरलं. तुझी नवी तारीख एप्रिलमध्ये आहे. मी आत नसेन.

लोभ असावा असं लिहायला हात धजत नाही.
खारू

१४ मार्च

चि. खारू हिला आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. विसरभोळी या वेळी मी नाही. लिहिणारा नव्हता, आणि दुसरा मी शोधला नाही.

मास्तरांनी तुझं पत्र वाचलं. एका ठिकाणी थांबले, चष्मा काढला, टेबलावरच्या चिंधीने पुसला आणि पुन्हा लावला. मग शेवटपर्यंत वाचलं. 'मध्येच थांबू नका' हेही वाचलं. पत्र घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि घरी गेले. तेव्हापासून भिंतीपलीकडचं मशीन बंद. त्या मशीनच्या आवाजाला मी किती वर्षं शिव्या दिल्या, आता भिंतीला कान लावून बसते.

काल ते आपण होऊन पेन घेऊन आले. म्हणाले, म्हातारे, पोरीला उत्तर धाडायचं नाही का? बस, एवढंच. तुझ्याबद्दल त्याउपर काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. माफ केलं का, असं तूही विचारू नकोस. ते त्यांचं आहे. शिवण उसवायला वेळ लागतो आणि घालायला त्याहून जास्त, हे मी नाही, तेच एकदा म्हणाले होते.

लोक म्हणतील, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. म्हणू देत. अवलक्षण झालं ते लपवलेस तेव्हा. आणि लाल हातांचं म्हणशील, तर चादर फाटली की दुसरी मिळायची, म्हणून मी जोरात घासायची. कातडीचं तसं नसतं, हे तुला सांगायचं राहून गेलं.

एप्रिलमध्ये मी येते, त्याच थेटरात. मास्तर सोबत येणार आहेत. कागदावर सही करायला कुणीतरी हवं ना, मी तर अंगठेबहाद्दर. तू दाराबाहेर उभी राहा. आत जाणाऱ्या प्रत्येकाला, मोठ्या सर्जनलासुद्धा, माझा निरोप दे की आधी हात दाखव. ते रागावले तर म्हणावं, म्हातारी आडवी आहे, पण जीभ उभी आहे.

आहे तो लोभ आहेच, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.
तुझी आजी

ता. क. इस्पितळातलं जेवण मला जाणार नाही. मऊ पाव, बटाट्याचं सूप आणि नीट उकडलेली अंडी पाठव. हात बरे झाल्याचं डॉक्टरबाईंनी सांगितलं असेल तरच स्वतः कर, नाहीतर खानावळीतून आण. डबा किती माणसांचा ते मी मास्तरांनाच ठरवून लिहायला सांगितलं आहे. त्यांनी काय लिहिलं ते मला वाचता येत नाही, तूच वाच. डबा दोन माणसांपुरता पाठव, तुझ्या काकाच्या सुपात मीठ कमी घाल.