प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा

कोच,

तुमच्या स्पेनमधल्या गावच्या फुटबॉल क्लबाने जुन्या प्रशिक्षकांची यादी वेबसाइटवर टाकलीय. काल ऑफिसात जेवता जेवता सापडली. भाषांतर करून वाचलं. तुमच्या नावापुढे फक्त एवढं: आधी खेळाडू, मग प्रशिक्षक, प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा. माझा डबा तसाच राहिला. प्रकृती? सत्तरीतसुद्धा तुम्ही इथे अमेरिकेत, जर्सी सिटीत, आम्हा शाळकरी मुलींबरोबर मैदानाला फेऱ्या मारायचात!

शनिवारी प्रॅक्टिसनंतर आई न्यायला येईपर्यंत मी तुमच्या लेकीच्या घरी थांबायची. तुम्ही तुमच्याकडच्या ऑम्लेटसाठी बटाटे तळायचात आणि तुटक्या इंग्लिशमध्ये तुमची गोष्ट सांगायचात. बारा वर्षं त्याच क्लबासाठी खेळलात, मग त्याचेच प्रशिक्षक झालात. वरच्या डिव्हिजनमध्ये जायला एकच मॅच जिंकायची होती, आणि तुमच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूचा, दोन लेकरांच्या बापाचा, गुडघा टम्म सुजलेला. क्लबाचे अध्यक्ष डॉक्टरला घेऊनच खेळाडूंच्या खोलीशी आले. "इंजेक्शन द्या, नव्वद मिनिटं निघतील." तुम्ही दारात आडवे उभे राहिलात. "पुढची चाळीस वर्षं त्याला चालायचंय. मी नाही खेळवणार." एका गोलने हरलात आणि सोमवारी तुम्हाला काढून टाकलं.

हे सगळं मी क्लबाला ईमेलने कळवलं. लगेच उत्तर आलं, गोड भाषेत: आमच्या जुन्या कागदांत असंच आहे. असणारच! ते कागद लिहिले कोणी? त्या अध्यक्षांनीच ना? आणि खरं सांगू, राग तुमचाही येतो. तेव्हाच का नाही भांडलात? मी विचारलं की खांदे उडवायचात. "तो अजून चालतोय ना? मग झालं." काय झालं, कोच? तुम्हाला परत कुणी टीम दिली नाही, आणि त्यांनी तुम्हाला आजारी ठरवून टाकलं.

तुमचा पत्ता आता माझ्याकडे नाही, आणि असता तरी हे पत्र मी पाठवलं नसतं बहुतेक. सेमीफायनलला माझा घोटा सुजला होता. मी लपवला, तुम्ही ओळखलंत आणि मला बाहेर बसवलंत. मी मराठीत ओरडले, "भित्रा म्हातारा!" तुम्ही विचारलंत, म्हणजे काय? मी म्हटलं, थँक यू. तुम्ही इतके खूश झालात की आई न्यायला आली तेव्हा तिच्याशी हात मिळवून, हसत, तेच दोन शब्द म्हणालात. आईने माझ्याकडे पाहिलं. मी बुटाची नाडी सोडत बसले. खरा अर्थ तुम्हाला मी कधीच सांगितला नाही.