आईची धरसोड

मामा, नमस्कार.

काल आईच्या शोकसभेत तुम्ही म्हणालात, "ताई हुशार, पण धरसोड फार. एक काम धड केलं नाही." लोक हसले. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

आई परिचारिका होती. मामी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तुम्हीच तिला राजीनामा द्यायला लावलात. मग ती रेडिओ दुरुस्त करायला शिकली. दुकान नावारूपाला आलं, तर तुम्हाला चारचौघांत लाज वाटू लागली, आणि तिला ते बंद करावं लागलं. पुढे ती नकाशे काढायच्या कचेरीत लागली. साहेब नवशिक्यांना तिची रेघ दाखवायचे. आजोबा पडले आणि तेही सुटलं. तुम्ही म्हणालात, "तुझं काय, तू कुठेही जमवून घेशील!"

हे काल सगळ्यांसमोर उठून सांगायला हवं होतं. पण साठीत तिला एका शाळेने गाणं शिकवायला बोलावलं होतं. दोन दिवस ती घरभर गुणगुणत होती. माझं बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. मी म्हणाले, "आई, आता या वयात कशाला?"

तिने बाळाला माझ्याकडून घेतलं.

तेव्हा हे पत्र मी कोणत्या तोंडाने पाठवू?

तुमचीच भाची