कढईखालची खूण

मी, कोन्सुएलो मोल्तो, कै. बाल्तासार सेंद्रा यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार पेगो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण या कामाला गुडघे लागत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

पहिले. राहते घर, बँकेतली शिल्लक आणि संत्र्यांची झाडे माझी मुलगी आमालिया हिला मिळावीत. आमालिया, झाडांना पाणी संध्याकाळी घाल. दुपारी घातलंस तर मला कळेल.

दुसरे. पुस्तके गावच्या वाचनालयाला द्यावीत. मी शाळेत फार गेले नाही. बाल्तासार परगावी टेनिस खेळायला जाई, तेव्हा वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत त्याचा निकाल शोधता शोधता मी वाचायला शिकले. तो बहुधा दुसऱ्या फेरीत हरे. बुधवारनंतर त्या पानावर माझ्यासाठी काही उरत नसे, मग मी बाकीचे वाचू लागले. समासात पेन्सिलीने लिहिलेले खोडू नये. ती माझी मते आहेत.

तिसरे. रॅकेटी आणि तारा ओढायचे यंत्र क्लबला द्यावे. या सामानावर आमचे घर चालले. जगाच्या क्रमवारीत बाल्तासार पहिल्या शंभरांत एकदाच पोहोचला. अभिनंदनाची तार घरी आली तोवर तो पुन्हा बाहेर पडला होता. ती तार चौकटीत लावली आहे. भिंतीवरून काढू नये.

चौथे. घरामागचे लाल मातीचे कोर्ट. याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल.

मातीवर चेंडू पडला की खूण उमटते. वाद झाला तर पंच खुर्चीवरून उतरून ती पाहतो. पण ज्याच्या बाजूला खूण आहे त्याने ती पायाने पुसली, तर चेंडू आत होता हे त्याने कबूल केले, असा रिवाज आहे. आता बाल्तासारचे वडील क्लबच्या कोर्टांची राखण करत. त्यांची दोन्ही मुले माती सपाट करतच वाढली. बाल्तासारला खड्डा दिसला की त्याचा पाय आपोआप फिरे.

वालेन्सियात, त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या उपांत्य सामन्यात, समोरच्याचा चेंडू रेषेबाहेर पडला. पंच खूण पाहायला उतरत होता. पंचाने बाहेर म्हटले असते तर बाल्तासार तिथेच जिंकला असता. पण खड्डा दिसला आणि आमच्या साहेबांनी पाय फिरवला. गुण गेला, मग सामना गेला.

त्याचे थोरले भाऊ एलिसेओ त्याला शिकवत. ते कपडे बदलायच्या खोलीत एवढेच म्हणाले, "बाबांनी तुला झाडलोट शिकवली, मी खेळ शिकवला. कोण जिंकलं ते आज दिसलं." पुढे आयुष्यभर, दर रविवारी, टेबलावर चार शिते सांडली की भावजी म्हणत, "पुसू नकोस रे, आधी पंचाला बघू दे." बाल्तासार हसे. मी हसत नसे.

मागच्या वर्षी ऑक्टोबरात दोघे म्हातारे घरामागे खेळत होते. बाल्तासारचा चेंडू भावजींच्या बाजूला पडला.

"बाहेर," भावजी म्हणाले.

"आत. चष्मा लाव, म्हाताऱ्या."

"चष्मा लावूनच बोलतोय. ये, खूण बघ."

"जेवून बघतो. ती कुठे पळून जातेय? पुसू नकोस म्हणजे झालं."

"पुसायची खोड तुझी. माझी नाही."

मी हाक मारली. दोघे जेवले. बाल्तासार जरा आडवा झाला, तो उठला नाही.

संध्याकाळी ढग आले. घर माणसांनी भरले होते. मी मागे गेले आणि रविवारच्या भाताची मोठी कढई त्या खुणेवर पालथी घातली, कडेने माती लिंपली. वादासाठी नव्हे. त्याने केलेली ती शेवटची गोष्ट होती. तेव्हापासून भात छोट्या कढईत होतो.

भावजी अजून दर रविवारी येतात, कोर्टाच्या कडेला बसतात.

"वहिनी, कढई गंजेल हो."

"मग उचला आणि खूण बघून घ्या."

लगेच ते संत्र्यांच्या भावाबद्दल बोलू लागतात.

म्हणून असे लिहून ठेवते. कोर्ट एलिसेओ सेंद्रा यांना पूर्ण मालकीने मिळावे. अट एकच. आमालियासमोर त्यांनी कढई उचलावी आणि खूण स्वतःच्या पायाने पुसावी. न पुसल्यास जागा नगरपालिकेला जावी. तिथे काचेच्या भिंतींतला तो नवा खेळ आणायचे नगरपालिकेच्या मनात आहे. त्या खेळाबद्दल भावजी काय म्हणतात, ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही.

भावजी, कढई घालण्यापूर्वी मी खूण पाहिली होती. चेंडू बाहेर होता, चांगला दोन बोटे. तुमचंच बरोबर होतं. तरी पुसा. बाहेरचा चेंडू पुसून देणं सेंद्रांच्या घरात एकदा झालंय, आणखी एकदा होऊ द्या. मग कढई घासा आणि सगळ्यांना भात करून वाढा. चार शितं सांडली तर सांडू देत.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. बदलण्यासारखे काही नाही.

कोन्सुएलो मोल्तो (सही)

साक्षीदार:
फेर्मिन आल्कोवेर, औषधविक्रेते (सही). हे भावजींचे मित्र असल्याने चौथे कलम झाकून सही घेतली.
हेर्मिनिया पुच, शेजारीण (सही). हिने सगळे वाचले, आणि गप्प राहीन असे हिचे म्हणणे आहे.

पेगो, ९ मार्च २००९