दोन गिऱ्हाइकं, एक टोपली

बुध., ५ नोव्हें.
सकाळीच खारदांड्याच्या हिरामावशींचा फोन. त्यांच्या मासळीची वेबसाइट आमच्या टीमने केली. समीर नोकरी सोडून गेल्यापासून टीम म्हणजे मी, गोरेगावच्या खोलीत.
"अगो पोरी, डॉक्टरीणबाईंच्या पापलेटांत दुसऱ्याची कोलंबी गेली. त्यांना कोलंबी बाधते गो! परत झालं तर तुझी साइट बंद."
माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. वाट लागली.

गुरु., ६
सापडलं. साइटवरच्या खरेदीच्या टोपलीची नोंद सिंगलटन होती, म्हणजे अख्ख्या साइटला मिळून एकच टोपली. आता प्रत्येक रिक्वेस्टला, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला नवी. लाइव्ह केलं. एकही तक्रार नाही, झकास! मावशींना कळवलं. दिवसभरात बोलणं तेवढंच.

शुक्र., ७
परत कोलंबी. मावशींनी पिशवी उघडून बघितली म्हणून निभावलं.
"काल कशी तक्रार येईल गो? गुरवारी मासली कोन खातंय?"
कोकणातली असून मला हे सुचू नये! रविवारपर्यंत मुदत दिलीय.

शनि., ८
टोपली नवी मिळते, पण तिला धरून बसलेली ऑर्डर-सर्व्हिस, म्हणजे ऑर्डर नोंदवणारा भाग, सिंगलटनच. पहिल्या गिऱ्हाइकाची टोपली ती सोडतच नाही. आणि माझ्या टेस्टमध्ये स्कोप एकच, म्हणजे गिऱ्हाईक एकच. एकट्याची टोपली कुणात मिसळणार?
आज टेस्टमध्ये दोन स्कोप उघडले. दोघांच्या टोपल्या वेगळ्या का? टेस्ट लाल, चूक पकडली! मग सर्व्हिसही स्कोप्ड केली, दर गिऱ्हाइकाला वेगळी. हिरवी!
खुर्चीवरून उठून उभी राहिले. सांगायला कुणी नाही. समीरला लिहिलं. त्याने वाचलं, उत्तर नाही.
पूर्वी मी कोड लिहायचे, तो मोडून बघायचा. टेस्टमध्ये दुसरं गिऱ्हाईक तोच आणायचा. आता मी सगळीकडे एकच माणूस धरून चालते. भातसुद्धा एक वाटी.

रवि., ९
ऑर्डरींचा दिवस. मावशींचा फोन नाही. म्हणजे सगळं नीट चाललंय. तरी दुपारपर्यंत फोन हातातच. शेवटी मीच लावला.
"समदं बराबर गेलं गो. आता कशाला फोन करू तुला? बरं, बांगडे धाडते. किती जनं तुम्ही?"
"दोघं," म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.
चार बांगडे आलेत. साफ करून ठेवलेत. समीर अंधेरीलाच राहतो. बांगडा आवडायचा त्याला. आता परत लिहिलं तर येईल का जेवायला?